कोझू : दोन मार्गांचे लहानसे स्थानक

परक्या देशातील एका लहानशा रेल्वे स्थानकावर इतिहासाचे व्याख्यान द्यायचे, हे प्रथमदर्शनी थोडे विचित्र वाटेल. ज्या स्थानकाविषयी आम्ही बोलणार आहोत ते कोणत्याही लढाईसाठी किंवा तहासाठी प्रसिद्ध नाही. जपानला जाणारा प्रवासीही तेथे सहसा उतरत नाही. तरीही हा विषय आम्ही मुद्दाम निवडला आहे. मोठ्या घटनांचा इतिहास वाचताना आपण निकाल तेवढा पाहतो. निकालाची किंमत कोणी दिली हे पाहण्यासाठी पुष्कळदा अशा आडबाजूच्या जागीच जावे लागते.

या स्थानकाचे नाव कोझू. तोकियोहून निघालेला तोकाइदो हा मुख्य लोहमार्ग नैर्ऋत्येस समुद्राच्या कडेकडेने जातो, त्यावर सुमारे ७८ किलोमीटरांवर हे स्थानक येते. समोर सागामीचा उपसागर, पाठीशी संत्र्यांच्या बागांच्या टेकड्या. ‘कोझू’ या नावाचा अर्थ प्रांताच्या राजधानीचे बंदर असा आहे. म्हणजे आगगाडी येण्यापूर्वी शेकडो वर्षे हे ठिकाण येण्याजाण्याच्या वाटेवर होते.

कोझूहून पुढे दोन मार्ग फुटतात. एक समुद्राकाठाने ओदावारा, अतामी करीत जातो, एका लांब बोगद्यातून डोंगर ओलांडतो आणि ४८.५ किलोमीटरांवर नुमाझू या शहरी पोहोचतो. दुसरा मार्ग उत्तरेकडे वळतो, साकावा नदीच्या खोऱ्याने वर चढतो, हाकोनेच्या डोंगराला वळसा घालून फुजी पर्वताच्या पायथ्याशी गोतेंबा येथे पोहोचतो आणि तेथून खाली उतरत ६०.२ किलोमीटरांवर त्याच नुमाझूला येऊन मिळतो. पहिला मार्ग दुहेरी आहे, त्यावर लांबलचक गाड्या धावतात. दुसरा एकेरी आहे. त्यावर दोन-तीन डब्यांच्या गाड्या सावकाश जातात.

आता गंमत अशी की, या दुय्यम मार्गाने प्रवास करणाऱ्याला खिडकीतून काही चमत्कारिक गोष्टी दिसतात. नदीवरील पुलाशेजारी दुसऱ्या पुलाचे दगडी खांब उभे असतात, पण त्यांवर पूल नसतो. ज्या बोगद्यातून गाडी जाते त्याच्या बाजूलाच दुसरा बोगदा असतो, पण त्यात रूळ नसतात. एवढ्याशा फाट्यासाठी दुहेरी पूल आणि दुहेरी बोगदे कोणी बांधले असतील? उत्तर असे की, हा मार्ग मुळात फाटा नव्हताच. पंचेचाळीस वर्षे तोकियो आणि ओसाका यांना जोडणारा हाच हमरस्ता होता. समुद्राकाठचा मार्ग मागून आला आणि त्याने याला गादीवरून उतरविले. ते कसे घडले आणि त्याचे काय काय परिणाम झाले, एवढेच आज आम्हांला सांगावयाचे आहे.

जपानातील पहिली आगगाडी १८७२ साली शिंबाशी ते योकोहामा अशी सुरू झाली. तोकियोला पश्चिमेकडील क्योतो-ओसाकाशी जोडणारा लांब मार्ग कोठून न्यावा, याबद्दल मात्र पुढे बराच काळ वाद चालला. समुद्रकिनाऱ्याने मार्ग नेला तर शत्रूच्या आरमाराच्या तोफांखाली येईल अशी लष्कराला भीती वाटे. म्हणून १८८३ साली देशाच्या मध्यभागातून, डोंगरांतून मार्ग न्यावयाचे ठरले. परंतु प्रत्यक्ष पाहणी होऊ लागली तेव्हा त्या डोंगरांतील काम किती खर्चाचे आणि किती वर्षांचे होईल हे उमगले. रेल्वेखात्याचे प्रमुख इनोउए मासारू यांनी पुन्हा विचार केला आणि १८८६ साली किनाऱ्याचा तोकाइदो मार्गच पक्का झाला.

हा निर्णय होताच कामाला वेग आला. ११ जुलै १८८७ रोजी योकोहामापासून कोझूपर्यंत रूळ पोहोचले आणि कोझू हे तात्पुरते शेवटचे स्थानक झाले. पुढे हाकोनेचा डोंगर आडवा होता. पायी आणि पालखीने जाणाऱ्यांचा जुना तोकाइदो रस्ता ओदावाऱ्यावरून थेट या डोंगरावर चढत असे. पण आगगाडीला ती चढण झेपण्यासारखी नव्हती. डोंगराखालून कित्येक किलोमीटरांचा बोगदा खोदण्याची विद्या आणि पैसा त्या काळी जपानजवळ नव्हता. म्हणून इंजिनियरांनी वळसा घेतला. १ फेब्रुवारी १८८९ रोजी कोझूहून गोतेंबामार्गे शिझुओकापर्यंत गाडी सुरू झाली आणि त्याच वर्षी १ जुलैला शिंबाशीहून थेट कोबेपर्यंत अखंड मार्ग झाला. जो प्रवास पायी बारा-पंधरा दिवसांचा, तो सुमारे वीस तासांवर आला.

या वळशाने पहिला आघात केला तो ओदावाऱ्यावर. हे किल्ल्याचे जुने शहर. हाकोने चढण्यापूर्वीचा मोठा मुक्काम. आगगाडी कोझूहून उत्तरेला वळली आणि ओदावारा एका बाजूला राहिले. शहरच्या लोकांनी हातपाय हलवले नाहीत असे नाही. १८८८ साली कोझूहून ओदावारामार्गे हाकोनेच्या पायथ्यापर्यंत घोड्यांची ट्राम सुरू झाली. १९०० साली ती विजेवर चालू लागली. ओदावाऱ्याच्या पलीकडे अतामी हे उन्हाळ्याच्या, म्हणजे गरम पाण्याच्या झऱ्यांचे गाव. तेथे जाण्यासाठी १८९६ पर्यंत जी गाडी तयार झाली ती तर माणसांनी ढकलण्याची होती! रुळांवर लहानसा डबा, त्यात पाच-सहा उतारू आणि मागे ढकलणारे दोन-तीन मजूर. चढ आला की खालच्या वर्गाचे उतारू स्वतः उतरून हात लावीत, असे सांगतात. या गाडीला ओदावाऱ्याहून अतामीस जायला सुमारे चार तास लागत. हमरस्ता बाजूने निघून गेला म्हणजे गावाला काय काय करावे लागते, त्याचे हे चित्र आहे.

दुसरीकडे जी गावे नव्या मार्गावर आली त्यांचे भाग्य उजळले. त्यांत यामाकिता हे प्रमुख. साकावा नदीच्या खोऱ्यातील हे खेडे. येथून गोतेंबापर्यंत दर चाळीस फुटांमागे एक फूट अशी चढण होती. घाट चढताना कर्जतला गाडीच्या शेपटीला जादा इंजिन, ज्याला आपण बँकर म्हणतो, जोडलेले आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. त्यांना या चढणीची कल्पना सहज येईल. यामाकितास इंजिनांची मोठी शेड झाली. ड्रायव्हर, फायरमन, फिटर, पॉइंट्समन यांची वस्ती वाढली. चढणीपूर्वी गाड्या थांबत, इंजिन जोडले जाई, पाणी-कोळसा घेतला जाई; तोवर उतारू खिडकीतून नदीतल्या आयु माशाची सुशी विकत घेत. एक आख्खे गाव या थांबण्यावर जगू लागले.

कोझूचेही महत्त्व वाढतच गेले. १९२५ च्या डिसेंबरात तोकियोपासून कोझूपर्यंत विजेच्या तारा आल्या. पुढचा डोंगर मात्र वाफेच्याच इंजिनाने चढायचा होता. म्हणजे लांबच्या गाड्यांचे इंजिन येथे बदलू लागले. १९३० साली ‘त्सुबामे’, म्हणजे पाकोळी, या नावाची प्रसिद्ध वेगवान गाडी सुरू झाली. तोकियो-ओसाका अंतर आठ तास वीस मिनिटांत तोडावयाचे अशी प्रतिज्ञा. तेव्हा इंजिन बदलण्यात वेळ घालविणे तिला परवडणारे नव्हते. ती तारांखालूनही वाफेच्या इंजिनानेच धावे. परंतु चढण तिलाही सुटली नाही. कोझूला ती अवघी तीस सेकंद थांबे. तेवढ्यात मागे बँकर जोडला जाई, आणि गोतेंब्याजवळ चढण संपली की धावत्या गाडीपासूनच तो सोडून दिला जाई. तीस सेकंदांत हे काम बिनचूक करणाऱ्या कोझूच्या रेल्वे कामगारांचे कसब केवढे असेल, याचा विचार करावा.

पण त्या तीस सेकंदांच्या काळातच या वैभवाचा शेवट जवळ आला होता. मालगाड्यांची गर्दी वाढत होती, आणि प्रत्येक जड गाडीला दोन इंजिने लावून डोंगर चढविणे हे देशाच्या मुख्य मार्गाच्या गळ्याला पडलेले फास होते. १९०९ सालीच रेल्वेखात्याचे प्रमुख गोतो शिंपेइ यांनी अतामीकडून सरळ मार्ग काढता येईल काय, याची पाहणी करविली. त्यातून दोन कामे निघाली. एक, कोझूहून अतामीपर्यंत किनाऱ्याने रूळ टाकणे. दुसरे, अतामीच्या पलीकडचा डोंगर फोडून ७.८ किलोमीटरांचा बोगदा खोदणे. हाच तो तान्ना बोगदा.

किनाऱ्याचे काम टप्प्याटप्प्याने झाले. १९२० साली गाडी ओदावाऱ्याला पोहोचली. एकतीस वर्षांनी त्या शहराचे पारडे पुन्हा वर आले. १ सप्टेंबर १९२३ च्या महाभूकंपात याच मार्गावरील नेबुकावा स्थानकावर डोंगराची दरड कोसळली आणि स्थानकात शिरणारी गाडी उतारूंसह समुद्रात फेकली गेली; शंभराहून अधिक माणसे दगावली. तरी काम थांबले नाही. १९२५ साली गाडी अतामीला गेली.

बोगद्याचे काम १९१८ साली सुरू झाले होते. अंदाज सात वर्षांचा. लागली सोळा वर्षे. डोंगराच्या पोटात मऊ, भुसभुशीत थर होते, भेगा होत्या आणि त्या भेगांत पाणी कोंडलेले होते. १ एप्रिल १९२१ रोजी अतामीच्या बाजूला छत कोसळले आणि तेहतीस माणसे सापडली. सोळा मेली, आत अडकलेली सतरा आठ दिवसांनी जिवंत बाहेर काढता आली. १९२४ च्या फेब्रुवारीत पश्चिमेच्या तोंडाकडून खोदताना पुन्हा अपघात झाला आणि पुन्हा सोळा माणसे गेली. पाणी काढून देण्यासाठी आजूबाजूने लहान बोगदे खोदावे लागले. त्यांची एकूण लांबी मुख्य बोगद्याच्या जवळजवळ दुप्पट झाली. १९३० च्या नोव्हेंबरात झालेल्या भूकंपात तर डोंगरातील एक भेग दोन मीटरांहून अधिक सरकली आणि सरळ आखलेल्या बोगद्याला मध्ये किंचित वाक द्यावा लागला. अखेर १९३३ च्या जूनमध्ये दोन्ही बाजूंचे खोदकाम एकमेकांस भेटले. सारे मिळून सदुसष्ट माणसे या कामात मेली. त्यांत कोरियाहून आलेले मजूरही होते. अतामीकडील तोंडावर त्यांच्या नावांचा शिलालेख आहे. बोगद्याच्या तोंडावर दोन आकडे कोरलेले आहेत, २५७८ आणि २५९४. जपानी शकाप्रमाणे ही आरंभाची आणि समाप्तीची वर्षे.

सदुसष्ट मृत्यूंची नोंद दगडावर आहे. परंतु या बोगद्याने आणखी एक गोष्ट नेली, आणि तिची कथा वेगळी आहे.

बोगद्याच्या बरोबर वर, सुमारे १६० मीटर उंचीवर, तान्ना नावाचे एक बशीसारखे खोरे आहे. या खोऱ्याला पाण्याची कधीच ददात नव्हती. झरे बारमाही वाहत. त्यांवर भातशेती होई आणि स्वच्छ वाहत्या पाण्यावाचून जी वाढत नाही त्या वासाबीचे, म्हणजे जपानी लोक माशाबरोबर खातात त्या तिखट कंदाचे, मळे पिकत. खाली बोगद्यात पाणी येऊ लागले तसे वर झरे आटू लागले. खाली मजूर ज्या पाण्याशी झुंजत होते ते वरच्या शेतकऱ्यांचे पाणी होते. सोळा वर्षांत डोंगरातून वाहून गेलेले पाणी अंदाजे साठ कोटी घनमीटर भरते. हाकोनेवरील आशी सरोवराच्या तिप्पट. वासाबीचे मळे गेले, भाताची खाचरे कोरडी पडली, पिण्याच्या पाण्याचीही टंचाई झाली. शेतकऱ्यांनी गाऱ्हाणे मांडले तेव्हा सुरुवातीला भूकंप, कमी पाऊस अशी कारणे पुढे करण्यात आली. शेतकरी संतापून मोर्चे घेऊन निघाले. पुढे भरपाई मिळाली, पाणी पुरविण्याच्या काही सोयी झाल्या. पण झरे परत आले नाहीत. तान्नाच्या लोकांनी गाई पाळण्यावर भर दिला. आज तान्ना हे नाव जपानात दुधासाठी ओळखले जाते. ते दूध पिणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल की, ही गोठ्यांची भरभराट आटलेल्या झऱ्यांच्या पाठीमागून आली?

१ डिसेंबर १९३४ रोजी नवा मार्ग सुरू झाला. त्या दिवसापासून तोकाइदोच्या गाड्या कोझूहून सरळ अतामीकडे जाऊ लागल्या. अंतर सुमारे बारा किलोमीटरांनी कमी झाले, चढण जुन्या चढणीच्या निम्म्याहून कमी झाली, विजेची इंजिने नुमाझूपर्यंत धावू लागली. ‘त्सुबामे’चा ओसाकापर्यंतचा प्रवास आठ तासांवर आला, म्हणजे वीस मिनिटे वाचली. खरा लाभ याहून मोठा होता, कारण जड मालगाड्या आता बँकरवाचून जाऊ शकत होत्या. तो लाभ कोणीही नाकारू नये.

जुना मार्ग त्याच दिवशी ‘गोतेंबा मार्ग’ झाला. मिशिमा शहराचे नाव सांगणारे जुने स्थानक या वळशावर होते. नव्या मार्गावर दुसरे मिशिमा स्थानक उघडले आणि जुन्याला शिमो-तोगारी हे नवे नाव घ्यावे लागले. वैभव जाते तेव्हा नावही जाते, ते असे. १९४३ साली, युद्धाच्या धामधुमीत, लोखंडाची गरज म्हणून दुहेरी मार्गापैकी एक मार्ग उखडून नेला. आपण प्रारंभी पाहिलेले ओके पूल आणि रिकामे बोगदे त्याचेच अवशेष. यामाकिताची शेडही त्याच साली बंद झाली. ज्या गावाला गाड्यांच्या थांबण्याने मोठे केले, ते गाव गाड्या थांबेनाशा झाल्याबरोबर पुन्हा लहान झाले.

येथे एक विचार श्रोत्यांपुढे ठेवावासा वाटतो. यामाकिता आणि तान्ना, दोघांचेही नुकसान एकाच बोगद्याने झाले. पण ही दोन नुकसाने एकाच जातीची आहेत काय? आमच्या मते नाहीत. यामाकिताची भरभराट ही एका अडचणीवर उभी होती. साऱ्या देशाला चढण त्रासदायक होती म्हणून यामाकिताला काम होते. अडचण दूर झाली, काम गेले. त्या कामगारांचे दुःख खरे होते, आणि त्यांच्या पोटापाण्याची काळजी घेणे हे राज्यकर्त्यांचे कर्तव्यच होते. तरी ती चढण कायम राहावी असा हक्क कोणी सांगू शकत नाही. आधी ओदावाऱ्याने जे गमावले तेच पुढे यामाकिताने गमावले. तान्नाचे तसे नाही. त्या खोऱ्यातील लोकांना आगगाडीने काही दिले नव्हते, त्यामुळे तिने परत घ्यावे असेही काही नव्हते. त्यांचे पाणी त्यांचे होते. ज्या गाडीत ते क्वचितच बसले असतील तिच्यासाठी त्यांची शेते कोरडी पडली.

लोकोपयोगी कामाची चर्चा होते तेव्हा ही दोन प्रकारची नुकसाने एकाच शब्दात गुंडाळली जातात. ‘थोड्यांना त्रास होणारच’ असे म्हटले की वादच संपतो. वस्तुतः तेथेच वादाला आरंभ व्हावयास हवा. ज्याचा लाभ गेला त्याला नवा धंदा मिळवून देणे ही मदत होय. ज्याची मूळची वस्तू गेली त्याला जे द्यावयाचे ते मदत नव्हे, देणे होय. आणि देणेकऱ्याने दाराशी मोर्चा येईपर्यंत थांबणे हे काही भूषणास्पद नाही.

पुढची हकिकत थोडक्यात सांगतो. १ ऑक्टोबर १९६४ रोजी शिनकान्सेन ही अतिवेगवान गाडी सुरू झाली. तान्ना बोगद्याला समांतर असा ७,९५९ मीटरांचा नवा बोगदा तिच्यासाठी खोदला गेला. जुन्या बोगद्याने सोळा वर्षांत शिकविलेले धडे त्या कामी आले, आणि हा नवा बोगदा सुमारे पाच वर्षांत पुरा झाला. ही गाडी कोझूला थांबत नाही. गोतेंबा मार्गावर वाफेची इंजिने १९६८ पर्यंत होती. त्या साली तेथेही वीज आली. १९८७ साली जपानच्या रेल्वेची वाटणी झाली तेव्हा तोकाइदोचा हा भाग एका कंपनीकडे गेला आणि गोतेंबा मार्ग दुसरीकडे. त्यामुळे जे दोन मार्ग एकेकाळी बाप आणि मुलासारखे होते, ते कोझूच्या स्थानकात आज दोन वेगळ्या घरचे म्हणून उभे राहतात.

यामाकिताने मात्र आपले जुने दिवस टाकून दिले नाहीत. रुळांच्या दोन्ही कडांना तेथे चेरीची झाडे आहेत आणि वसंतात ती फुलली की दूरदूरची माणसे येतात. या मार्गावरचे एक वाफेचे इंजिन गावातील बागेत जपून ठेवले आहे. २०१६ पासून ते दाबलेल्या हवेच्या जोरावर थोड्याशा रुळांवर पुढेमागे चालविले जाते. कोळसा नाही, धूर नाही. पण चाके फिरतात. ज्या गावाचे आयुष्य त्या चाकांवर गेले, त्याला तेवढे पुरेसे वाटत असावे.

श्रोतेहो, आमच्या बोलण्याचा हेतू बोगदे खोदू नयेत असा मुळीच नाही. तान्नाचा बोगदा व्हावयास हवा होता आणि तो झाला हे बरेच झाले. आम्हांला सुचवावयाचे आहे ते एवढेच की, वीस मिनिटे कोठे जमा झाली हे जसे आपण लिहून ठेवतो, तसे ती कोणाच्या नावे पडली हेही लिहून ठेवावे. कोझूच्या फलाटावरून एक गाडी समुद्राकाठाने बोगद्याकडे जाते, दुसरी डोंगराच्या वळशाने ओक्या खांबांपाशी जाते. इतिहासाच्या विद्यार्थ्याने या दोन्ही गाड्यांचे तिकीट काढले पाहिजे.